दुष्काळात शिकलेली पिशवी

अव्वा, पिशवी आटली नाही! धुतली, पिळली, दोरीवर वाळवली आणि लेकीनं तिच्यात तिचं ते जाडजूड पुस्तक घातलं, तर ते सरळ तळाला जाऊन बसलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे आधी तुलाच सांगावंसं वाटलं. नायगावच्या दुकानात बसून लिहितोय. गिऱ्हाईक आलं तर थांबेन जरा.

या वयात क्रोशा कुठून आला, असं तू विचारशील. लहानपणी तुझ्या मांडीला टेकून शिकलेलं बोटांत होतंच. लेक नांदेडला कॉलेजात निघाली, तिला पिशवी हवी होती. मी म्हटलं, मी विणतो. तुझी सून लगेच म्हणाली, "गल्ल्यावर सुई घेऊन बसू नका, न्हाईतर लोक तेल-मीठ सोडून झंपरं मागतील." पहिल्या पिशवीचा तळ कढईसारखा वर वळला. उसवली. दुसऱ्या वेळी खांबाचे टाके कुठं वाढवायचे ते कळलं आणि तळ भाकरीसारखा सपाट बसला. ती पिशवी मी दिवसभर काउंटरवर मांडून ठेवली होती. लेक घेऊन गेली आणि सुट्टीत परत आली तेव्हा तिच्या हातात टोपीएवढं काहीतरी होतं. "बाबा, एकदाच धुतली. आता नारळाला घाला." मग हळूच म्हणाली, "माझ्या बाबानं केलीय म्हणून सगळ्यांना सांगून बसले मी. अजून एक करता का? पण धुता येईल अशी."

आता हरून चालणार नव्हतं. जाड सुई घेतली, टाके सैल घातले, तरी पुढची पिशवी धुतल्यावर आटलीच. मग एका सकाळी लिंगपूजेला बसलो होतो. तांब्यातलं पाणी बारीक धारेनं सोडताना एकदम तू दिसलीस. माझ्या लहानपणीचं ते दुष्काळी साल, आपल्या गावाचा जिल्हा नुकताच नवा झालाय. मास्तर पाटीवर पत्त्यात लातूर लिहून घेतायत आणि विहिरीला तळ लागलाय. तू सुताची लडी हातात धरून म्हणतेस, "हे आधी भिजवून वाळवायचं असतंय बाळा. पण यंदा ऱ्हाऊ दे. जिल्हा तर आला, पाणी कवा येतंय बघू." आणि स्वतःच हसतेस. अव्वा, मी कोरड्या सुतावर शिकलो आणि तीच रीत समजून बसलो! पुढं पाऊस झाला तेव्हा मी शाळेत आणि रानात अडकलो होतो, तुझ्याजवळ बसायचं राहून गेलं.

पूजा आटोपली तसा उठलो. गुंडा सोडून लडी केली, बादलीत बुडवली, सावलीत वाळवली. सूत जे आटायचं ते विणायच्या आधीच आटलं. सुईवर ते काय सुरेख चालतं! मुक्या खांबाचे टाके एकाला एक चिकटून बसतात, बंद ओढला तरी लोंबत नाही. आज लेक ती पिशवी खांद्याला लावून एसटीत चढली आणि खिडकीतून पिशवीच हलवत राहिली. तिच्या मैत्रिणीलाही एक हवीय. या वेळी बंद रुंद घेणार आहे, कडेला तू विणायचीस त्या तोरणातली पानं विणणार आहे.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, सुताच्या डब्यात ठेवीन. पण एक सांगून टाकतो. त्या मैत्रिणीच्या पिशवीसाठी काल सूत भिजवलं, ते पाणी अजून बादलीत झाकून ठेवलंय. नळाला पाणी येतंय, तुझी सून बादलीसाठी ओरडून राहिली. मला ते ओतवत नाही.