पांढरी मांजर, काळी शेपूट

३ मार्च
घरमालकीण कुओ आजींना अखेर कळलंच — मी हरवलेल्या प्राण्यांच्या साइटवर कामाला आहे! झालं. जिन्यातच गाठलं. "पेई-जुन, माझी दौहुआ शोध. पांढरी मांजर, काळी शेपूट. डावा कान फाटका. म्हातारा गेल्यावर तीच होती गं बोलायला." मी इथे राहायला येण्याआधीच हरवलेली.

साइटवर शोधलं. आल्या सगळ्या काळ्या मांजरी, पांढऱ्या शेपटीच्या! सगळ्यांत वर तर काळा कुत्रा, पांढरी टोपी घातलेला. त्याला लाइक जास्त ना!

४ मार्च
श्ये साहेबांना म्हटलं, माणसाने टाइप केलेले शब्द त्याच क्रमाने, लागोपाठ जिथे असतील ती नोंद वर आणू या. साहेब म्हणतात, "लाइक जास्त, तो वर! तू काय व्याकरणाची बाई आहेस?" शिवाय मला त्यांच्या लाडक्या मांजरीचे फोटो दाखवत बसतात. नाव राजकन्या म्हणे! रोज नुसतं नाक नि मिशा, अगदी जवळून. डोक्याला ताप.

६ मार्च
आजींनी मासळीची पेज आणून दिली. "सापडली?" नाही म्हणवेना. शोधतेय म्हटलं.

९ मार्च
केलं! साहेबांना न विचारता. आधी शब्दांचा क्रम, लाइक मागाहून. पहिल्या फटक्यात — "सापडली. पांढरी मांजर, काळी शेपूट, डावा कान फाटका. माझू देवीच्या देवळामागे." जुनी नोंद. एकही लाइक नाही, म्हणून तळाला कुजत पडलेली.

टाकणाऱ्याचं नाव — श्ये साहेब! स्वतःच्याच नियमाखाली गाडले गेले! पोट धरून हसले. मग राजकन्या आठवली नि हसू गेलं.

१० मार्च
साहेबांना दाखवलं. ओरडतील वाटलं. नाही ओरडले. चष्मा पुसत बसले. "माझ्या छातीवर झोपते गं ती." मग म्हणाले, "रविवारी आजींना घरी घेऊन ये."

१३ मार्च
गेलो. मांजर साहेबांच्या मांडीवर. आजींनी हाक मारली, "दौहुआ!" तिने एक डोळा उघडला, मिटला. आजींनी कान पाहिला, शेपूट पाहिली.

"ही नव्हे."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. मी वेडीच झाले — शब्द जुळले, क्रम जुळला, कान जुळला, आणि ही नव्हे?

१३ मार्च, परत आल्यावर
आजी जिन्यात थांबल्या. कठडा धरून म्हणाल्या, "तीच होती गं. पण उठली का त्याच्या मांडीवरून?"