शेरा : मीठ बेताचं

रविवार, ३ मे. सकाळी ८.

आजपासून दर रविवारी एक नवीन पदार्थ. मी करणार. कुणाची मदत नको, लुडबुड तर नकोच.

कारण फक्त इथे लिहितो. घरात सांगायची गरज नाही. चौदा जूनला सासूबाईंना ऐंशी पूर्ण. त्या आमच्याकडेच असतात. त्यांच्या वाढदिवसाचं जेवण दर वर्षी साडू करतो. साडू दातांचा डॉक्टर. दिवसभर परक्यांच्या तोंडात बोटं घालतो आणि त्याच बोटांनी पीठ मळतो, त्यावर कुणाचा आक्षेप नाही. गेल्या वर्षी जेवण झाल्यावर सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, की दोन जावयांपैकी एकाच्या तरी हाताला चव आहे. मी समोरच बसलो होतो. तोंडातला घास गिळला. ते 'एकाच्या तरी' अजून घशात आहे.

या वर्षी जेवण मी करणार. पण मागून नाही. सिद्ध करून.

दुपारी ३.

कांद्याचं सूप. जेवणाआधी कारखान्यातल्यासारखं तपासणी पत्रक वाटलं. रूप, वास, चव, शेरा, सही. पंप कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी बघतोय, घरात कसली हयगय? बायकोचा शेरा : नापास, करपलंय. मुलीचा : नापास, पण प्रयत्न छान. 'प्रयत्न' असा रकानाच पत्रकात नाही. सासूबाईंना पत्रक दिलं नाही. मुख्याध्यापिका होत्या, जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या, नजर दूषित झालेली. शिवाय त्या साडेबारालाच दूध-पाव खाऊन मोकळ्या होतात.

मंगळवार, ५ मे.

नापास करणाऱ्याने कारण द्यायचं, हा आमचा नियम. बायकोच्या तीन बैठका घेतल्या. रविवारी संध्याकाळी, काल चहाला, आज ती केस धूत असताना दाराबाहेरून. करपलं म्हणजे नेमकं किती? वरून की तळाशी? तुलना कशाशी केली? शेवटी आतून म्हणाली की माझीच जीभ खराब असेल, आता मला केस धुऊ द्या. नोंद केली. मुलगी अभ्यासाला मैत्रिणीकडे गेली ती जेवायलाच उगवली. तिलाही सोडलं नाही.

निष्कर्ष : ३ मे ही ट्रायल. धरायची नाही.

रविवार, १० मे.

घरचा पाव. दोघींचा शेरा : पास. छान भाजलंय. मीठ बेताचं.

शब्दन्‌शब्द एकच! दोन तपासनीस एकमेकींकडे न बघता एकाच निष्कर्षाला येतात, याला म्हणतात दर्जा. पावात सुरी अडकली. सुरी बोथट आहे. तीन वर्षं सांगतोय धार लावून आणा, पण या घरात माझं ऐकतो कोण?

नवा नियम, माझ्यापुरता : सलग पाच पास म्हणजे मंजुरी. मंजुरी म्हणजे चौदा जून.

शनिवार, १६ मे.

कारखान्यात मॅनेजरची कटकट. तीन पंप गळतात म्हणून परत आले. गिऱ्हाइकाने धड बसवले नसतील. हा मॅनेजर माझ्या नोकरीएवढ्या वयाचाही नाही, आणि मला विचारतो की वॉशर बघता ना? सोमवारच्या तपासणी शीट्सवर नेहमीप्रमाणे आजच सह्या करून ठेवल्या. काम खोळंबत नाही. अनुभवी माणसाला वॉशर न बघता कळतो. हे घरी जेवताना सांगितलंही. बायकोने दोनदा विचारलं, की म्हणजे आधीच लिहून ठेवता? तिने माझ्या कामात इतका रस लग्नानंतर पहिल्यांदाच घेतला.

रविवार, १७ मे.

टोमॅटोचं सूप. दोघींचा शेरा : पास. छान भाजलंय. मीठ बेताचं.

सूप भाजलंय? क्षणभर थांबलो. मग लक्षात आलं, टोमॅटो आधी विस्तवावर धरले होते, त्याचा वास उतरला असणार. या बारकाव्याला जीभ लागते. तिखट कमी-जास्त यापलीकडे साडूच्या जेवणात कुणाला काही सापडलंय का कधी?

मीठ घातलं होतं की नाही ते आठवत नाही. बेताचं म्हणजे घातलंच असणार.

रविवार, २४ मे.

कस्टर्ड. व्हिडिओतली बाई म्हणते दोन तासांत घट्ट होईल. खोटारडी. आमचं पाच तासांनीही पेल्यातून प्यावं लागलं. बाईचे दात मात्र चकाचक, साडूचीच गिऱ्हाईक असावी.

बायकोचं डोकं दुखत होतं, वाटी घेऊन आत गेली. पत्रक आधी बाहेर आलं, वाटी नंतर. मत किती पक्कं झालंय बघा. पास. तिसरा.

सासूबाईंनी विचारलं, मला का नाही कागद? म्हटलं, वयाची अट आहे. त्या म्हणाल्या की परीक्षेला घाबरणारी मुलं मला बाकावर बसल्या बसल्याच ओळखू यायची. विषय काय, बोलतात काय! वय झालं.

रविवार, ३१ मे.

भरलेली सिमला मिरची. ओव्हनला दोन बटणं, एक वेळेचं, एक आचेचं. व्हिडिओतली बाई सांगते मध्ये मध्ये दार उघडून सुरी खुपसून बघा. मी बघत नाही. घंटा वाजली की पदार्थ झाला. सारखं दार उघडणं म्हणजे स्वतःवरच अविश्वास.

पास. चौथा. मुलीने पत्रक दिलं तेव्हा तिच्या ताटात मिरची दिसत नव्हती. खाऊन टाकली असणार. कचऱ्याच्या डब्याचं झाकण बंद करायचा आवाज आला, पण तो दुसऱ्या कशाचा तरी असेल.

रविवार, ७ जून.

फ्लॉवर, वर चीज. पास! पाचवा. छान भाजलंय. मीठ बेताचं.

ताटं उचलायच्या आत जाहीर केलं. दहाच्या दहा पत्रकं टेबलावर मांडली. म्हटलं, ही तुमच्याच हातची अक्षरं. सलग पाच पास, मंजुरी. ऐंशीव्या वाढदिवसाचं जेवण माझं.

मुलीने आईकडे पाहिलं, आईने मुलीकडे. डोळे भरून आले असावेत. बायको म्हणाली, अहो, असा नियम कुठे ठरला होता? म्हटलं, नियम तपासनिसाला सांगत नाहीत, नाहीतर तपासणी निःपक्षपाती राहत नाही. ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि अर्धा तास दबक्या आवाजात बोलली. बहिणीला आनंदाची बातमी देत असेल.

सासूबाई म्हणाल्या, करू दे त्याला. ऐंशी वर्षं काढली, एक दुपार काय!

त्यांनी मला परवानगी दिली. सगळ्यांदेखत. हेही लिहून ठेवतो.

शुक्रवार, १२ जून.

मशरूम पाय ठरला, म्हणजे मैद्याच्या जाड पारीत मशरूम भरून भाजायचे. एकच पदार्थ, पण भव्य. साडूचा फोन. गोड आवाजात विचारतो, मदतीला दोन भांडी घेऊन येऊ का? म्हटलं, फक्त दात घेऊन ये. हसला. या माणसाचा अपमानही होत नाही, अपमान कळायलासुद्धा अक्कल लागते.

कारखान्यात आणखी सात पंप परत. उद्या सुट्टी घेतलीय, पीठ मळायचंय. शीट्सवर सह्या करून आलो.

रविवार, १४ जून. सकाळी ११.

पाय ओव्हनमध्ये. सव्वा तासाचं बटण फिरवलं. अंघोळ, इस्त्रीचा शर्ट. साडू, मेहुणी येऊन बसलेत. साडू स्वयंपाकघरात नाक खुपसून म्हणाला, वास येत नाही अजून. म्हटलं, चांगल्या ओव्हनमधून वास बाहेर येत नाही.

दुपारी ४.

क्रमाने लिहितो.

सव्वाबाराला घंटा वाजली. सगळ्यांना टेबलाशी बसवलं. पाहुण्यांसाठी जास्तीची पत्रकं हवी होती, म्हणून फ्रिजवरची फाईल काढली. कोऱ्या कागदांच्या खाली लिहिलेले कागद. तारीख : १४ जून. पदार्थ : रिकामं. शेरा : पास. छान भाजलंय. मीठ बेताचं. खाली बायकोची सही. दुसरा मुलीचा. मग २१ जून, २८ जून, थेट ऑगस्टपर्यंत. सह्यांसकट.

बायकोला दाखवलं. तिने नजर चुकवलीसुद्धा नाही. म्हणाली, त्या पहिल्या रविवारनंतर तुम्ही मला न्हाणीघरातही सोडलं नाहीत. मग तुम्हीच युक्ती सांगितलीत, अनुभवी माणसाला न बघता कळतं. मुलगी ताटलीकडे बघत म्हणाली की बाबा, पावाच्या वेळी मी खरं लिहिणार होते, पण मंगळवारी माझा पेपर होता.

मी म्हटलं, आज तरी बघा! आणि ओव्हनचं दार उघडलं.

थंड. हात आत घातला तरी थंड. वेळेचं बटण फिरवलं होतं, आचेचं शून्यावर. सव्वा तास नुसती घंटा शिजत होती. पाय जसा ठेवला तसाच, पांढराफटक, वर माझ्या बोटांचे ठसे. हातातल्या कागदावर : छान भाजलंय.

साडू खाली गेला आणि गाडीतून तीन भांडी घेऊन आला. टॉवेलमध्ये गुंडाळलेली, गरम. बायकोने आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. ती गॅलरी.

सगळे जेवले. मीही जेवलो. दोनदा घेतलं. चांगलं होतं, मेल्याचं.

संध्याकाळी ६.

पाहुणे गेले. मी स्वयंपाकघरात पाय टाकून द्यायला गेलो, तर सासूबाई ओट्याशी उभ्या. हातात चमचा. पायाच्या मधोमध खड्डा. त्यांनी कागद मागितला. आता वयाची अट सांगायची हिंमत नव्हती. दिला. चष्मा लावून, उभ्या उभ्याच, सगळे रकाने भरले. रूप, वास, चव. दोनदा परत खाऊन बघितलं. कच्चं पीठ! ऐंशी वर्षांच्या बाईने! मी म्हटलं, राहू द्या, पोट बिघडेल. म्हणाल्या की न तपासता मी कुणाला कधी नापास केलेलं नाही.

कागद घडी करून माझ्या खिशात घातला आणि आपल्या खोलीत जाऊन पडल्या.

आत्ता वाचला. नापास. आच नाही. मीठ घालायला विसरलात. खाली वेगळ्या ओळीत : मशरूम मात्र चांगले होते.

बाकीची दहा पत्रकं आणि ऑगस्टपर्यंतचा सगळा गठ्ठा फाडला. हे ठेवलं. तीनदा वाचलं. मशरूम मात्र चांगले होते. खाऊन लिहिलंय. सहीसुद्धा आजचीच.

मशरूम डब्यातले होते. मी फक्त डबा उघडला.