नाही म्हणायची रीत

प्रिय धाकट्या,

दाढीत पांढरे केस दिसायला लागले असतील, तरी मी तुला याच नावाने हाक मारणार, तेव्हा कपाळाला आठ्या घालू नकोस. तुझा निरोप काल कारखान्यात पोचला. मॅनेजरबाईंनी मला बोलावून वाचून दाखवला. नव्या सुतारखात्याची मुख्य जागा तुला नको, आठवण ठेवल्याबद्दल मनापासून आभार, वगैरे वगैरे. इतका गोड नकार द्यायला कुठे शिकलास रे? बाई हळहळल्या. महिनाअखेरपर्यंत थांबते, मग बाहेरचा माणूस बघावा लागेल, म्हणाल्या. मी मान हलवली आणि फळ्या सुकवायच्या भट्टीवर परत गेले. पण दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही. ओल्या फळ्या सुक्या थप्पीत लावल्या म्हणून माझ्याच हाताखालच्या पोरीने मला झापलं.

तू पाहिलेला कारखाना आता राहिलेला नाही. तेव्हा आपली माणसं फक्त ओंडके ओढायला लागायची आणि ऑफिसच्या पायरीवर चपला काढून उभी राहायची. आता कारखान्याच्या समितीत निम्मी माणसं आपली आहेत. रान तुकड्या-तुकड्याने घेतात, त्यातही पिवळा पट्टा मारलेली तेवढीच झाडं पाडायची. बी टाकणारी जुनी झाडं तशीच ठेवायची आणि मग तो तुकडा आपल्या नातवंडांच्या वेळेपर्यंत सोडून द्यायचा. सगळं सुरळीत चाललंय असं म्हणणार नाही. भांडणं होतात, ट्रक रिकामे उभे राहतात, बाहेरचे व्यापारी नाकं मुरडतात. पण करवत चालू आहे आणि रानही उभं आहे. आता फक्त एकच सलतं, की आपल्या फळ्या ट्रकमधून जातात आणि टेबल-खुर्च्या दुसरेच कोणी करतात. म्हणून हे सुतारखातं. ते तुझ्याच हातचं असावं असं समितीत पहिल्यांदा कोण म्हणालं, ते सांगितलं तर तुझा विश्वास बसणार नाही. बाबा म्हणाले.

हो, बाबाच. आणि तू काय म्हणणार तेही मला ठाऊक आहे. उतार.

त्या उताराकडे मलाही अजून बघवत नाही. आपल्याकडे रानाचा एकेक भाग एकेका घराने राखायचा, आणि उतार आपल्या घराकडे. बाबांच्या आधी आजोबांकडे, त्यांच्या आधी त्यांच्या आईकडे. कारखान्याच्या जुन्या साहेबांनी एका उन्हाळ्यात तो सगळा बोडका केला. खालचा झरा आटला, पुढच्या पावसात माती रस्त्यावर आली. बाबा दर वर्षी तिथे रोपं लावतात, त्यातली थोडी जगतात. गुडघे कुरकुरतात त्यांचे, पण ते ऐकत नाहीत.

ज्या बैठकीत उतार गेला, त्या बैठकीला तू बाबांच्या मागे बसला होतास. शाळा संपवून वसतिगृहातून नुकता आला होतास. साहेबांनी नकाशा दाखवून विचारलं, कोणाची हरकत आहे का? बाबा पायाकडे बघत राहिले. सगळेच राखणदार पायाकडे बघत राहिले. हरकत नाही तर मंजूर, म्हणून साहेब उठले. घरी आल्यावर तू सगळ्यांदेखत बोललास, की मूग गिळून बसलात, घाबरून रान देऊन टाकलंत. आणि रात्रीच्या गाडीने गेलास. मी तेव्हा माझ्या थोरलीच्या वेळी बाळंतपणासाठी दवाखान्यात होते. मला सगळं नंतर कळलं, तेही तुझ्याकडून. बाबा त्यावर कधी अवाक्षर बोलले नाहीत. मलाही तुझ्यासारखंच वाटायचं, की एवढ्या मोठ्या साहेबापुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटली असेल.

मागच्या उन्हाळ्यात नवे नियम करायला बसलो. मॅनेजरबाई समोर, राखणदार भिंतीकडेने आणि मी मध्ये, दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे नेणारी. जुन्या गोष्टी निघाल्या. सगळे म्हातारे एकसुरात म्हणाले, उतार आम्ही दिलाच नव्हता. बाईंनी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? बाबा म्हणाले, "आम्ही गप्प होतो की." बाई म्हणाल्या, तेच तर, तुम्ही गप्प होतात. बाबा म्हणाले, हो, सगळेच्या सगळे. असं बराच वेळ चाललं. एकमेकांना दुजोरा देत होते आणि दोघेही एकमेकांवर वैतागत होते. मला आधी हसू आलं आणि मग एकदम उमगलं. अरे, आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान. द्यायचं असेल तर माणूस उठून सांगतो, घे म्हणून. द्यायचं नसेल तर खाली बघून गप्प बसतो आणि विचारणारा समजून उठतो. त्या दिवशी साहेबही उठले. राखणदार घरी गेले ते समाधानाने, की साहेबाला कळलं. आठवड्याने करवतींचे आवाज आले तेव्हा त्यांना वाटलं, नाही म्हणूनसुद्धा यांनी तोडलं. त्यानंतर कुणाशी काय बोलायचं?

तुला हे माहीत असायला हवं होतं, पण कसं असणार? दुधाचे दात पडायच्या आधीच तुला वसतिगृहात घातलं. तिथे मास्तर विचारायचे, कळलं ना सगळ्यांना? वर्ग गप्प, म्हणजे कळलं. सुट्टीत घरी आलास की बाबांच्या गप्प बसण्याचा अर्थ आई सांगायची. म्हणायची, ते नको म्हणताहेत रे, उगाच हट्ट करू नकोस. आई गेली आणि तुमच्या दोघांच्या मधलं माणूसच गेलं. ती जागा कोणीतरी घ्यायला हवी होती. मी माझ्या संसारात होते. या सगळ्याचं मला फार वाईट वाटतं, धाकट्या. तुम्ही दोघं एकाच बाजूला होतात. झाडं पाडली दुसऱ्यांनी आणि इतकी वर्षं बोलणं तुटलं ते तुमचं.

आता नियमातच घातलंय, की कोणी बोललं नाही तर नकार समजायचा. होकार असेल तर उभं राहून सांगायचं. पहिल्याच बैठकीत बाईंनी विचारलं, चहा मागवू का? सगळे पुढच्या विषयाच्या विचारात, कोणीच बोललं नाही. बाईंनी इमानाने चहा रद्द केला. दुपारपर्यंत सगळे कोरड्या घशाने बसले होते. तरीपण बाबांना वाटतं, बाहेरच्या माणसांशी गाठ पडली तर मोठ्याने नाही म्हणता यायला हवं. परसात शेळीसमोर उभे राहून सराव करतात. नाही. नाही. शेळी ढिम्म हलत नाही. मग आवाज चढवतात आणि लगेच ओशाळून तिला पाला घालतात. परक्यांसाठी ते शिकतीलही. घरच्यांशी बोलताना मात्र त्यांची आपली जुनीच रीत.

हे सगळं आज का लिहितेय? गेल्या महिन्यात तू फोन केलास, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. मी शेजारीच कांदा चिरत होते. तुझं बोलणं ऐकू येत नव्हतं. बाबांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. ऐकलं, मान खाली घातली आणि बराच वेळ तसेच बसले. मग फोन ठेवला, बाहीने डोळे पुसले आणि म्हणाले, "सांगितलं त्याला." त्या दिवसापासून त्यांच्या अंगात वारं भरलंय. तुझी खाट बाहेर काढून घासली, खोलीला चुना लावला, दिसेल त्याला सांगत सुटले, धाकटा येतोय. मी धरून चालले, की तुमचं बोलणं झालं, मिटलं एकदाचं. आणि काल तुझा निरोप. त्याच्या शेवटी माझ्यासाठी एक ओळ होती, की ताईला सांगा, मी विचारून बघितलं होतं, उत्तर मिळालं. संध्याकाळी घरी आले आणि आधी बाबांना विचारलं, त्याने काय विचारलं होतं आणि तुम्ही नेमकं काय सांगितलंत? बहिरी आहेस का, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "त्याने विचारलं, बाबा, अजून माझ्यावर रागावला आहात का? मी गप्प राहिलो."

तुझीच, आता तुमच्या दोघांच्या मध्ये बसायला आलेली,
ताई