सातव्या पानावरची नववी ओळ

मंगळवार, अकरा तारीख

प्रिय भिंगरी,

पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. मी बरी आहे, गुडघा सोडून. पण तो हल्ली माझं ऐकत नाही, तेव्हा त्याच्याबद्दल मी काय सांगणार. तुझ्या आईचा फोन आला होता. पोरगी नोकरीला लागल्यापासून वाळून गेली, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, "वाळली नाही गं, फक्त तुझ्या हातचं खात नाही." तेव्हापासून ताई माझ्याशी बोलत नाही. घरात छान शांतता आहे.

तर तुम्ही चौघी मैत्रिणी यंदा पहिल्यांदा मतदान करणार, आणि चौघींनी डोकी एकत्र करून मला प्रश्नपत्रिका पाठवलीत. सव्वीस वर्षं मी मुलांना भूमितीच्या प्रश्नपत्रिका काढतेय. मला सोडवायला आलेली ही पहिलीच. वर्गात सांगते तेच करते. जे येतं ते आधी.

उंच मैत्रिणीचं मतदार कार्ड धुण्यात गेलं म्हणतेस. फोटो आणि नाव वाचता येत असेल तर चालेल. नसेल, तर कामावरचं फोटोचं ओळखपत्र न्यायचं. नुसतं तोंड चालत नाही, मग ते कितीही ओळखीचं असो.

फोन आत न्यायचा नाही. चौघी आहात, दोघी आत जा, दोघी बाहेर फोन सांभाळा. आणि मत देतानाचा फोटो काढून आण असं कुणी सांगितलं, कितीही गोड बोलून, तर त्या माणसापासून चार हात लांब राहायचं. त्याला तो फोटो आठवण म्हणून नको असतो.

शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर बसला तर मत बाद होऊ शकतं. पण कागद पेटीत टाकायच्या आधी लक्षात आलं, तर केंद्रप्रमुखांना तो परत देऊन दुसरा मागता येतो. मागायला लाजू नका. मोठमोठी माणसं पाच-पाच वर्षं चुकतात आणि लाजत नाहीत.

बोटाची शाई लिंबानं जात नाही, साबणानं जात नाही, नेलपॉलिश काढायच्या औषधानंही जात नाही. नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते आणि एक दिवस कापली जाते. जिचं लग्न ठरलंय तिला सांग, फोटोत डावा हात पदराखाली.

मत गुप्त असतं का, हा प्रश्न तुझाच असणार. अक्षर नसतं तरी ओळखला असता. असतं. पडद्यामागे तू काय केलंस हे कुणाला कळत नाही. कोण आलं आणि कोण आलं नाही, हे मात्र बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला कळतं. आणि कोण येऊच शकणार नाही, हे काही जणांना महिनाभर आधीपासून माहीत असतं.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

आता तुझा तिसरा प्रश्न. यादीत नाव आहे की नाही, हे कसं बघायचं? काही अवघड नाही. शाळेच्या दर्शनी भिंतीवर यादी लावतात, तिथे आपला भाग क्रमांक शोधायचा आणि त्याखाली

दारावर कुणीतरी आलंय. उरलेलं उद्या.

बुधवार, मधली सुट्टी

काल पत्र अर्धवट टाकून उठले, कारण मेहुणे आले होते. तू त्यांना भेटली आहेस. मतदार यादीच्या कचेरीत खिडकीशी बसतात, केसांना भरपूर तेल, बोलणं त्याहून तेलकट. नगरपालिकेच्या अध्यक्षांचे मेहुणे म्हणून सगळं गाव त्यांना मेहुणेच म्हणतं. इतक्या बहिणी एका माणसाला कशा, हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही.

"बाई, बसू का?" त्यांनी बसल्यावर विचारलं.

"बसलाच आहात."

"भाची मागच्या आठवड्यात आली होती कचेरीत. काय गोड मुलगी! म्हणाली, आमच्या भागाची यादी माझी मावशीच करते. म्हटलं, वा, म्हणजे घरचंच काम की."

मी चहा टाकायला उठले. मला चहा द्यायचा नव्हता, पाठ फिरवायची होती.

"बाटल्यांच्या कारखान्यामागच्या क्वार्टर्स ना? खोली नंबर बावीस," ते माझ्या पाठीशी बोलत राहिले. "तिथल्या जिन्यातला दिवा गेलाय. तीन आठवडे झाले. पोरी बिचाऱ्या कामावरून उशिरा येतात. मला तर काळजीच वाटते."

"तुम्हाला दिव्याचं कसं कळलं?"

"यादीचं काम म्हटलं की घरोघरची माहिती ठेवावी लागते, बाई. तुम्ही ठेवता तशीच."

चहा त्यांनी पूर्ण प्यायला, बशीतला सांडलेलासुद्धा. मग खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर माझाच चष्मा ठेवला. "शांतपणे वाचा आणि सही करा. घाई नाही. शुक्रवारी पाच वाजता हरकतींची मुदत संपते, त्यानंतर येऊन नेतो. मग निवांत बसू."

भिंगरी, आता ऐक. मध्ये थांबू नकोस आणि मला फोनही करू नकोस.

मतदार यादीच्या कामाला सरकार शिक्षकांना जुंपतं, हे तुला माहीत आहे. घरोघर जायचं, माणसं आहेत का बघायचं. कुलूप असेल तर पुन्हा जायचं. तीन वेळा जाऊनही कुणी भेटलं नाही, तरच नाव वगळायची शिफारस करायची. भाग एकसष्ट माझ्याकडे आहे. माझा गुडघा, तिथले ते उभे जिने, आणि घटक चाचणीचे दोनशे पेपर. मी क्वार्टर्सकडे "पुढच्या आठवड्यात" जाणार होते. सलग चार आठवडे मी पुढच्या आठवड्यात जाणार होते.

गेल्या महिन्यात मेहुणे शिक्षकांच्या खोलीत आले. हातात अकरा पानं, टाइप करून तयार. "बाई, आमच्या माणसांनी तुमच्या जिन्यांची मेहनत वाचवली. फक्त खाली सह्या." प्रत्येक पानावर नावं, आणि शेवटच्या रकान्यात सगळ्यांसाठी एकच कारण: तीन वेळा भेट देऊनही पत्त्यावर आढळले नाहीत. घंटा व्हायला सहा मिनिटं होती. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून मी पोरांचा अर्धा गुण कापते. त्या मी अकरा सह्या केल्या, एकही ओळ न वाचता. वर त्यांना "आभारी आहे" म्हणाले.

दोनशे चौदा नावं. मागच्या निवडणुकीत अध्यक्ष एकशेनव्वद मतांनी वाचले. क्वार्टर्सची जागा त्यांना हवी आहे, तिथली माणसं ती सोडत नाहीत, हे भाजी घेतानाही कानावर येतं. तरी दोन आणि दोन चार, हे भूमितीच्या बाईंना जमलं नाही. खरं सांगू? जमलं होतं. सह्या झाल्यावर तिसऱ्या दिवशी जमलं. मी गप्प बसले. कारखाना बंद आहे, माणसं खरंच गेली असतील, अशी स्वतःची समजूत घातली आणि छान झोपले.

परवा तुझं पत्र आलं. "मावशी, एक गंमत! आम्ही चौघींनी तीन महिन्यांपूर्वीच मुद्दाम तुझ्याच भागात नाव नोंदवलं. तुझ्या हातच्या यादीत आमचं पहिलं नाव!" आणि खाली पत्ता. मी कपाटातून माझी प्रत काढली. सातव्या पानावरची नववी ओळ. तुझं नाव, तुझ्या वडलांचं नाव, वय एकोणीस, खोली बावीस. तीन वेळा भेट देऊनही आढळली नाही. तुझ्या तिघी मैत्रिणी आठव्या, दहाव्या आणि अकराव्या ओळीत. धुतलेलं कार्ड, शिक्का, शाई हे सगळं मी वर इतकं मन लावून लिहिलं ना, त्यातलं तुमच्या काहीच उपयोगाचं नाही. ते लिहीत होते तेव्हाही मला हे माहीत होतं.

दोनशे दहा माणसांनी माझी झोप मोडली नव्हती. ती चार जणींनी मोडली, कारण त्यातल्या एकीला मी अंघोळ घातली आहे. ह्याबद्दल तू माझ्याविषयी जे ठरवशील ते बरोबर असेल.

कालचा कागद म्हणजे जबाब आहे. अमुक तारखांना मी क्वार्टर्समधल्या प्रत्येक दाराशी तीनदा गेले, असा. त्यावर सही झाली की पुढे कुणी विचारायला आलं, तर गेलेली मी, पाहिलेलं मी, लिहिलेलं मी. मेहुणे कुठेच नाहीत. नाही केली, तर जिन्यातला दिवा. एवढं स्पष्ट बोलायला त्यांना एकही वाईट शब्द लागला नाही.

मी सही करणार नाही. पण माझ्या सही न करण्यानं तुमची नावं परत येत नाहीत. त्यासाठी हे करायचं.

अकरा पानांची नक्कल सोबत आहे. आज संध्याकाळीच क्वार्टर्समध्ये दार वाजवत फिर, चौघी मिळून. ज्याचं नाव आहे त्यानं स्वतः यायचं, भाड्याची पावती किंवा विजेचं बिल घेऊन. गावातल्या यादीच्या कचेरीत जायचं नाही. तिथे खिडकीशी कोण बसतं ते तुला माहीत आहे. बस पकडून थेट जिल्हा निवडणूक कार्यालयात, शुक्रवारी सकाळी. अर्ज दिला की पोचपावती घ्यायची, शिक्क्यासकट. चार अर्ज हरवतात. दोनशे माणसांची रांग हरवत नाही. "साहेब जेवायला गेलेत" म्हणाले, तर साहेब जेवून येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. पाचला एक मिनिट कमी असलं तरी अर्ज घ्यावाच लागतो.

आणि हे पत्र तिथल्या मुख्य अधिकाऱ्याच्या हातात दे. लाज वाटेल असं बरंच काही त्यात आहे, पण फाडून अर्धं देऊ नकोस. खोट्या अहवालाला काय शिक्षा असते ते मला ठाऊक आहे. प्रशिक्षणात तेवढंच लक्ष देऊन ऐकलं होतं.

हे शिपाईबाईंच्या हाती पाठवतेय, तुझ्या कामावर. तुझ्या आईला इतक्यात काही सांगू नकोस. ती आधी रडेल, आणि मग ओळखीचे म्हणून मेहुण्यांनाच फोन करेल. जिना एकटीनं चढू नका, कुणीही नाही. शुक्रवारनंतर माझं दार बंद दिसलं, शाळेत कुणी माझ्याबद्दल नीट सांगेना, तर मला शोधत फिरू नकोस. पोचपावत्या मोज. एकही कमी पडली तर ज्याची कमी आहे त्याला घेऊन परत जा.

"तुझी मावशी" असं लिहून मी खोडलं आहे, ते तुला खाली दिसेलच. रागावू नकोस. मावशीचं पत्र म्हणजे घरगुती कागद, तो कुठल्याही फाइलला लागत नाही. म्हणून हे असं:

मतदार यादी पडताळणी कर्मचारी, भाग एकसष्ट.
खाली पूर्ण नावानिशी सही, आजची तारीख, आणि शाळेचा शिक्का.