चौकटीतली आयती खूण

रत्नागिरी, बुधवार संध्याकाळ

शाळेच्या कॉम्प्युटरवर तो फुकटचा प्रोग्रॅम मीच डाउनलोड केला. मुलांचे फॉर्म एकत्र जोडायला हवा होता. त्याच्याबरोबर आणखी तीन प्रोग्रॅम गुपचूप आले. एका चौकटीत संमतीची खूण आधीच केलेली होती. मी न वाचता 'पुढे' दाबत गेले. अक्षर बारीक होतं, पण होतं.

काल भूगोलाचे कांबळे सर सातवीला पडद्यावर हातखंब्याचा फाटा दाखवत होते, तेवढ्यात नकाशावर जुगाराची जाहिरात उघडली. मुलं हसली. मुख्याध्यापकांनी सर्वांदेखत सरांना विचारलं, "शाळेच्या मशीनवर हेच बघता का?" मी दारातच होते. गप्प राहिले. का? ती खूण काही मी केली नव्हती, असं स्वतःला समजावत राहिले.

आज मुख्याध्यापकांना सांगून टाकलं. ते नुसतं "बरं" म्हणाले. मग मी कांबळे सरांकडे गेले. सर ते तीन प्रोग्रॅम काढून टाकत बसले होते.

"सर, ते माझ्याकडून झालं."

"ठाऊक होतं, बाई. डाउनलोडची वेळ दिसते त्यात. त्या तासाला तुम्हीच इथे होतात."

"मग काल बोलला का नाहीत?"

"तुम्ही समोरच होतात. म्हटलं, तुम्हीच सांगाल."