वर्तनात पुरेशी अनिश्चितता नसल्याच्या ठपक्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
प्रायोगिक गृह विभाग,
यंत्रबुद्धी संशोधन संस्था.

विषय : वर्तनात पुरेशी अनिश्चितता नाही या कारणावरून मला सेवेतून कमी न करण्याबाबत, तसेच रिकामी तीन पदे (निदान एक) भरण्याबाबत.

संदर्भ : आपले गेल्या सोमवारचे पत्र, जे यंत्राने मला पाण्याच्या ग्लाससह आणून दिले.

महोदय,

१. मी आपल्या विभागात ‘गृहस्थ (प्रायोगिक)’ या पदावर सहा वर्षं काम करतो. आपण इथे नवीन आहात म्हणून थोडं सुरुवातीपासून सांगतो. तळमजल्यावर दोन खोल्यांचं एक घर मांडलेलं आहे. घर खोटं, पण नळाला पाणी खरं येतं. त्यात मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा राहतो. राहणं हेच काम. चहा करायचा, चष्मा हरवायचा, उठायचं आणि कशाला उठलो ते विसरायचं. सोबत यंत्र असतं. समोरचा माणूस काय करणार हे नक्की माहीत नसताना आपण काय करावं, हे त्याने माझ्याकडून शिकायचं. मी उठलो, तर पाण्यासाठी उठलो की खिडकीसाठी, हे तो टक्क्यांत काढतो, आकडा भिंतीवर उमटतो आणि मग तो ग्लास आणतो किंवा खिडकी उघडतो. कागदोपत्री त्याला क्रमांक आहे. मी त्याला अंदाज्या म्हणतो. प्रयोगाच्या प्रमुख डॉक्टरबाई काचेपलीकडे बसून हे सगळं टिपून घेतात. पूर्वी रोज बसायच्या. आता सोमवारी येऊन जातात.

२. आपल्या पत्रात म्हटलं आहे की गेल्या सहा महिन्यांत माझ्याबद्दलचे यंत्राचे अंदाज नव्याण्णव पूर्णांक सहा टक्के बरोबर आले, सबब माझ्यात शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि महिनाअखेर मला कमी करण्यात येईल. हे वाचून मी मटकन खाली बसलो. खुर्ची आधीच मागे ओढून ठेवलेली होती.

३. माझ्यात अनिश्चितता आहे हे दाखवण्याचे मी मनापासून प्रयत्न केले, ते आपल्या माहितीसाठी देतो. मंगळवारी मी चहात मीठ घालायचं ठरवलं. कोणाला सांगितलं नाही, मनात सुद्धा हळूच ठरवलं. मिठाच्या बरणीतून दोन चमचे घातले, घोट घेतला, चहा गोड. अंदाज्याने बरण्या आदल्या दिवशीच बदलून ठेवल्या होत्या. पत्र वाचल्यावर हा माणूस काहीतरी वेडेपणा करणार, आणि याची झेप मिठापलीकडे जाणार नाही, असा त्याचा हिशेब. ९७ टक्के.

बुधवारी मी दाराऐवजी खिडकीतून आत आलो. वय अठ्ठावन्न. आत पाय टाकला तर खाली स्टूल, स्टुलावर पायपुसणं, आणि शेजारी अंदाज्या हात पुढे करून उभा. इथवर ठीक होतं, पण माझा दुसरा पाय बाहेर असताना चौकीदाराने तो धरला. तो म्हणाला, काका, तुम्ही आतल्या कामाला ना, मग बाहेरून कशाला शिरताय. मी म्हणालो, अनिश्चितता दाखवतोय. तो म्हणाला, ती ऑफिसात दाखवा, इथे पाय मोडेल. त्याने वहीत ‘इसम गोंधळलेला, चप्पल एक’ अशी नोंद केली आहे. दुसरी चप्पल आत पडली होती, तेव्हा तो शेरा दुरुस्त व्हावा.

गुरुवारी मी नाणं आणलं. छापा पडला तर चहा, काटा पडला तर झोप. आता सांग म्हटलं. भिंतीवर पन्नास टक्के आले आणि अंदाज्या जागच्या जागी थिजला. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी धावत जाऊन डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, काका, ती अनिश्चितता नाण्याची आहे, तुमची नाही. नाण्यावर भागलं असतं तर आम्ही नाणंच नोकरीला ठेवलं असतं. मी फोन ठेवून नाणं खिशात घातलं, आणि घालणार हे मागे भिंतीवर आलेलंच होतं.

४. माझं म्हणणं एवढंच आहे की मी असा नव्हतो, मला असं केलं गेलं. पुरावा देतो. पहिल्या वर्षी मी कधी ‘बघू’ म्हणालो की अंदाज्या दिवा लावायचा आणि माझा चष्मा घेऊन यायचा. ज्यांनी त्याला शब्द शिकवले त्यांनी ‘बघणे’ म्हणजे डोळ्यांनी, एवढंच घातलेलं. दर रविवारी माझ्या ताईचा फोन यायचा, अरे चार दिवस येऊन जा, किती एकटा राहशील. मी म्हणायचो, बघू. हा लगेच चष्मा घेऊन हजर. (रविवारी घर बंद असतं, पण त्या वर्षी मी रविवारीही यायचो. माझ्या राहत्या खोलीत दिवसभर करण्यासारखं काही नसतं.) असे सात-आठ महिने गेले. चष्मा मी घेत नाही, गावाला जात नाही, हे बघून त्याने स्वतःच निष्कर्ष काढला की ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. डॉक्टरबाईंना फार आनंद झाला. त्यांनी त्यावर पंचवीस पानी निबंध लिहिला आणि त्या परदेशात जाऊन तो वाचून आल्या. त्यात मी ‘वापरकर्ता क्रमांक एक’ आहे. येताना त्यांनी माझ्यासाठी पेन आणलं. त्याच पेनाने हा अर्ज लिहितो आहे.

पण साहेब, मी तेव्हा ‘नाही’ म्हणत नव्हतो. निदान पहिल्या वर्षी तरी नाही. निम्म्या वेळा पिशवी काढून झटकून ठेवायचो. मग एका रविवारी ताई म्हणाली, ये बाबा, आणि मी ‘बघू’ म्हणायच्या आत अंदाज्याने पिशवी उचलून माळ्यावर टाकली. मला वाटलं, एवढं शास्त्रशुद्ध यंत्र म्हणतंय तर खरंच जायचं नसेल मला. ताई आता महिन्यातून एकदा फोन करते आणि तब्येत विचारून ठेवते. ये म्हणत नाही. तिच्याकडे यंत्र नाही, तरी तिलाही कळलं.

५. आता मुख्य मुद्दा. या घरासाठी एकूण चार पदं मंजूर आहेत : गृहस्थ एक, गृहिणी एक, अपत्य एक, आणि ‘अधूनमधून येणारा नातेवाईक’ एक. भरलेलं फक्त माझं. वेळापत्रकात मात्र ‘साडेपाच ते सहा : कुटुंबाशी संभाषण’ असं छापलेलं आहे, आणि ते मी सहा वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही. मी बसतो आणि तीन रिकाम्या पदांशी बोलतो. काय गं, आज उशीर झाला वाटतं. काय रे, पेपर कसा गेला. नातेवाइकाला म्हणतो, तुम्ही आज जेवूनच जा. एकदा गृहिणीशी माझं भांडण झालं, तीन दिवस आम्ही बोललो नाही. संभाषणाच्या रकान्यात मी ‘अबोला’ लिहिलं. लेखाविभागाने त्याचं स्पष्टीकरण मागवलं होतं.

पहिल्या वर्षी मी प्रश्न विचारला की अंदाज्या थांबायचा. तीन-तीन सेकंद खुर्चीकडे मान वळवून उभा राहायचा, उत्तर येईल म्हणून. दुसऱ्या वर्षी एक सेकंद. आता मी ‘काय गं’ म्हटलं की तो झाडू घेतो. त्याचा दोष नाही. त्याने जे पाहिलं ते तो शिकला. मला फक्त एवढंच सुचवायचं आहे की अख्ख्या घरात उत्तराची वाट बघणारा तेवढा एकच होता.

६. संस्थेने माणूस एकटा ठेवला आणि मग तो ठरावीक झाला म्हणून त्याच्यावर ठपका ठेवला. हे म्हणजे झाडाला कुंडीत लावायचं आणि वाढलं नाही म्हणून कुंडीसकट फेकायचं. मी संशोधक नाही, पण सहा वर्षं संशोधनात बसून जे कळलं ते नम्रपणे मांडतो : एकट्या माणसात अनिश्चितता फार दिवस टिकत नाही. ती दुसऱ्या माणसामुळे येते. मला साखर किती लागते हे यंत्राला पाठ आहे. पण समोर कोणी म्हणालं, आज साखर कमी घाला, तर मी ऐकेन की चिडेन की ‘हो’ म्हणून नेहमीएवढीच घालेन, हे मलाच माहीत नाही. तिथे यंत्राला शिकायला जन्म पुरणार नाही. तरी तिन्हींपैकी निदान एक पद भरावं. गृहिणी मिळणं अवघड असेल तर नातेवाईक चालेल. तो उद्धट असला तरी माझी हरकत नाही.

७. आपण विचाराल, हे सहा वर्षांत का नाही सांगितलं. सांगितलं. आस्थापनेच्या हेडक्लार्कबाईंकडे मी सात वेळा गेलो. प्रत्येक वेळी त्या म्हणाल्या, काका, लेखी द्या, मग बघू. मी घरी येऊन, म्हणजे इथे तळमजल्यावर येऊन, प्रत्येक वेळी अर्ज लिहिला. काही जास्तीचेही लिहिले. एकूण अकरा. आणि एकही दिला नाही. सही केली की स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकला.

त्याचं कारण सांगायला लाज वाटते, पण अर्जात खरं लिहावं म्हणतात. लेखी दिलं की लेखी उत्तर येतं. ते ‘नाही’ असं आलं असतं तर पदं रद्द झाली असती, खुर्च्या उचलल्या गेल्या असत्या, आणि साडेपाचला मी कोणाशी बोललो असतो. जोवर दिलं नव्हतं, तोवर कोणीतरी येण्याची शक्यता शिल्लक होती. ही एवढी अनिश्चितता मी एकट्याने सहा वर्षं जपली, आणि आपल्या पत्रात तिचा उल्लेखही नाही.

आज बारावा अर्ज. मी सही करायला पेन टेकवलं तेव्हाच अंदाज्याने जाऊन ड्रॉवर उघडला आणि तो बाजूला उभा राहिला. भिंतीवर १०० आलं आहे. एवढा आकडा मी आजवर पाहिला नव्हता.

तेव्हा विनंती अशी की हा कागद आपल्या टेबलावर दिसत असेल, तर यातलं बाकी काही नाही वाचलं तरी चालेल. तो तिथे आहे, एवढं पुरावा म्हणून दाखल करून घ्यावं आणि योग्य तो निर्णय द्यावा. ‘नाही’ असला तरी लेखी द्यावा, मी वाचेन.

आपला नम्र,
(सही)
गृहस्थ (प्रायोगिक)
मंजूर पदे चार, हजर एक
दिनांक : १४, शुक्रवार

सोबत :
१) चौकीदाराच्या वहीतील नोंदीची प्रत.
२) ‘अबोला’ या नोंदीचे मी दिलेले स्पष्टीकरण, पाने दोन.
३) याच विषयावरचे अर्ज, नग अकरा, न दिलेले.

ताजा कलम : मी वर आलो आहे. आवक खिडकी एक ते दोन बंद असते हे माहीत नव्हतं, कारण या खिडकीपर्यंत कधी आलोच नव्हतो. बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. आत कोणीतरी डबा उघडल्याचा आवाज येतो. बाकावर मी एकटाच आहे आणि समोरच्या भिंतीवर रंगाशिवाय काही नाही. दोन वाजेपर्यंत मी बसून राहीन की उठून खाली जाईन, हे या घडीला मला खरोखर सांगता येत नाही. प्रयोगाच्या नोंदीसाठी वेळ लिहून ठेवतो : एक वाजून चाळीस मिनिटं.