मी मोरीत घसरले नव्हते

प्रिय चिमे,

तुझ्या दादाच्या मनगटावरचा फोड तू पाहिलाच असशील. अंगावर दूध उतू गेलं, असं त्यानं तुला सांगितल्याचं कळलं. दूध नव्हतं. इस्त्री होती, आणि ती माझ्या हातात होती. तू नणंद व्हायच्या आधी माझी मैत्रीण होतीस, म्हणून हे तुलाच लिहिते.

कारखान्यातलं शिवणकाम पाठीमुळे सुटलं, हे तुला ठाऊक आहे. मशीनवर जरा वेळ बसलं की कमरेपासून टाचेपर्यंत कुणीतरी तापलेली सळई ओढतंय असं होतं. शिंकायचं म्हटलं तरी भिंत धरावी लागते. आमच्या सुपरवायझरबाई म्हणाल्या, सरकारी अपंग भत्त्यासाठी अर्ज कर, असलं दुखणंही धरतात. दादालाही पटलं. म्हणाला, बसून खातेस, निदान काही हाताला लागेल. तपासणीला तो सोबत आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशानं झालं? मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, मोरीत पाय घसरला. बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरले. मणका, बरगड्या, खांदा. सगळं वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेलं. त्या शांतपणे म्हणाल्या, फारच घसरता हो तुम्ही. मी फरशीकडे बघत राहिले.

घरी येताच त्यानं दाराला कडी घातली. बाई तसं बोलल्या म्हणजे मीच डोळ्यांनी काहीतरी सुचवलं असणार, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. केस धरून माझं डोकं कपाटावर आपटलं. मी पडले तशी कमरेत लाथ घातली, दुखतं तिथेच. ती जागा त्याला पाठ आहे.

सकाळी मी त्याच्याच शर्टाला इस्त्री करत होते. चहा अजून का नाही म्हणत त्यानं मागून मानगूट धरली. मी वळले आणि इस्त्री मनगटावर दाबली. चर्र आवाज आला, कातडीचा वास आला. चिमे, मला वाईट वाटलं नाही, बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच आता भीती वाटते. तो नळाकडे धावला आणि मी चपला हातात घेऊन जिना उतरले. सध्या सुपरवायझरबाईंकडे आहे.

मग एकटीच भत्त्याचं ठरवणाऱ्या बोर्डासमोर गेले आणि खरं काय ते सांगितलं. तिथले साहेब वाईट नव्हते. पण म्हणाले, दवाखान्याच्या जुन्या कागदावर मोरी, आता नवरा. आम्ही काय धरायचं? प्रत्यक्ष पाहणारं कुणी आहे का?

आहे. मणका मोडला त्या दुपारी तू माहेरी आली होतीस. त्यानं मला जिन्यावरून ढकललं तेव्हा तू वरच्या पायरीवर उभी होतीस. आणि दवाखान्यात मोरीची गोष्ट पहिल्यांदा तूच सांगितलीस. तो तर नंतर तीच म्हणायला शिकला. तेव्हा तू घाबरलीस, मी समजू शकते. तुला भाऊ एकच आहे. पण येत्या सोमवारी बोर्ड पुन्हा बसतंय, तू ये. माझी बाजू घेऊ नकोस, रडू नकोस, पाहिलंस तेवढंच सांग. नाही आलीस तरी मी सांगणारच आहे, आणि पायरीवर कोण उभं होतं तेही सांगणार आहे.

तुझीच,
वहिनी व्हायच्या आधीची मैत्रीण